भंडारा जिल्ह्यातील कसबे : त्यांचा भूगोल, इतिहास व कास्तकारांस बोध

आपल्या जिल्ह्यातील कास्तकार बाजारास जातो, कचेरीस जातो, औषधास जातो, मुलास शाळेत घालण्यास जातो. परंतु ज्या कसब्यात तो जातो तो कसबा त्या जागी का वसला, एक कसबा वाढला व दुसरा मागे का पडला, याचा विचार तो क्वचितच करितो. हा विचार केवळ विद्वानांनी करावयाचा आहे असे नाही. कसब्याची भरभराट झाली तर आपल्या धानास चार गिऱ्हाइके अधिक मिळतात, आणि कसबा खचला तर आपलीच बंडी दोन कोस अधिक चालते. सबब या लेखात भंडारा, पवनी व तुमसर हे तीन जुने कसबे व त्यांच्या भोवतालचा मुलूख यांची माहिती क्रमाने देऊन, तीवरून काय शिकण्याजोगे आहे ते सांगण्याचे योजिले आहे.

एक आकडेवारी आरंभीच ध्यानात ठेवावी. १९०१ च्या खानेसुमारीत भंडारा शहराची वस्ती सुमारे चौदा हजार, पवनीची नऊ हजारांवर व तुमसरची आठ हजारांवर होती. म्हणजे त्या वेळी पवनी हा जिल्ह्यातील दुसऱ्या क्रमांकाचा कसबा असून तुमसर त्याच्या मागे होते. २०११ च्या खानेसुमारीत भंडारा नव्वद हजारांच्या पुढे गेले, तुमसर पंचेचाळीस हजारांच्या घरात आले व पवनी मात्र बावीस-तेवीस हजारांवर राहिली. एकशेदहा वर्षांत तुमसर पाचपटींहून अधिक वाढले व पवनी अडीचपट देखील झाली नाही. नदी तीच, पाऊस तोच, पीकही धानाचेच. मग हा फरक कोठून पडला? या प्रश्नाचे उत्तर शोधिले म्हणजे जिल्ह्याचा बहुतेक इतिहास व भूगोल हाती येतो.

मुलुखाची ठेवण

आपल्या जिल्ह्याचा कणा म्हणजे वैनगंगा नदी होय. ही मध्यप्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटाकडून आपल्या हद्दीस येते, भंडारा शहरास पश्चिमेकडे ठेवून दक्षिणेस वळते, पवनीस भेटून लाखांदूरच्या बाजूने पुढे चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत जाते, आणि शेवटी वर्धा नदीस मिळून प्राणहिता हे नाव घेते. बावनथडी, सूर, कन्हान व चुलबंद या तिच्या आपल्याकडील मुख्य उपनद्या होत. उत्तरेस अंबागडचे डोंगर असून त्यांत मँगनीजच्या खाणी आहेत. पूर्वेस साकोलीकडे टेकड्या व जंगल यांची सरमिसळ आहे. मध्ये व दक्षिणेस सपाट धानपट्टी पसरली आहे. पाऊस सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर पडतो. पण तो सारा चार महिन्यांत येतो, व त्यातही पोळ्यानंतर दगा देतो. या भागास जुन्या काळापासून झाडी अथवा झाडीमंडळ असे नाव आहे, व येथील बोलीस आजही झाडीबोली म्हणतात.

जमिनीचे कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी असे प्रकार आपल्या पूर्वजांनी ठरविले. बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांनी पुढे तेच शब्द आपल्या कागदांत घेतले, ही गोष्ट कास्तकारास भूषणावह आहे.

तलाव : कसब्यांच्या आधीची संपत्ती

कसब्यांची कथा सांगण्यापूर्वी तलावांची सांगितली पाहिजे. कारण की तलावावाचून धान नाही, धानावाचून बाजार नाही, व बाजारावाचून कसबा नाही.

पाऊस पुष्कळ पण बेभरवशाचा, आणि जमीन चढउताराची, अशा मुलुखात पाणी अडवून ठेवण्याची विद्या कोहळी समाजाने वाढविली. चांद्याच्या गोंड राजाने यांच्या पूर्वजांस काशीकडून आणिले अशी परंपरागत समजूत आहे. जो कोणी तलाव बांधील त्यास त्या पाण्याखाली भिजणारी जमीन तुकूम म्हणून सवलतीने द्यावी, अशी चांद्याच्या गोंड राजांची रीत होती. या एका रीतीने जे काम केले ते खजिन्यातील रोख पैशाने झाले नसते. दोन टेकड्यांच्या मधली खिंड पाहावयाची, तेथे मातीची पाळ घालावयाची, पाणी सोडण्यास तुडुम ठेवावयाचे, जादा पाण्यास सांडवा काढावयाचा, आणि खालच्या बांध्यांस पाटाने पाणी पोहोचवावयाचे. एवढ्या साध्या साधनांनी हजारो लहानमोठे तलाव व बोड्या निर्माण झाल्या. नवेगाव येथील सुमारे पाच चौरस मैलांचा बांध कोलू पाटील कोहळी याने बांधिला असे सांगतात. तो आता गोंदिया जिल्ह्यात आहे. साकोली तालुक्यातील शिवनीबांध हा त्याच परंपरेतला होय.

या कामाची खुबी एका तलावात नव्हे, तर तलावांच्या माळेत आहे. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावास भरतो, त्याचा सांडवा त्याहून खालच्या बोडीस. एकाच ओढ्याचे पाणी असे तीन-चार गावे भिजवून मग नदीस जाते. यास्तव वरच्या गावाने पाळ फुटू दिली तर नुकसान खालच्या गावाचेही होते. ज्या गावात हे व्यवस्थित राखिले, त्या गावाचा कास्तकार पोळ्यानंतरच्या ताणातही धान पिकवून बाजारी येऊ शकला.

पवनी

जिल्ह्यातील सर्वांत प्राचीन कसबा पवनी होय. एका बाजूस वैनगंगा व इतर तीन बाजूंस मातीचा उंच तट व खंदक, अशी हिची रचना आहे. हा तट कोणा पवन राजाने घातला अशी लोकांत आख्यायिका आहे. परंतु येथे आख्यायिकेहून भक्कम पुरावा जमिनीतून निघाला. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खाते यांनी शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली जगन्नाथ टेकडी व हरदोलाला टेकडी येथे उत्खनन केले, तेव्हा मौर्यकाळापासूनचे बौद्ध स्तूप उघडकीस आले. हे स्तूप आकाराने सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचे आहेत. रूपिअम्म नावाच्या महाक्षत्रपाचा उल्लेख असलेला स्तंभही पवनीस सापडला आहे. तात्पर्य, दोन हजार वर्षांपूर्वी हे खेडे नव्हते. दान देणारे व्यापारी, मूर्ती घडविणारे शिल्पी व त्या सर्वांस पोसणारी शेती येथे होती.

अर्वाचीन काळात पवनीची कीर्ती कोष्ट्यांच्या हातमागावर होती. येथील रेशमी काठाचे तलम कापड दूरवर जात असे. नदीकाठची वाट, जुनी पेठ व कुशल कारागीर हे पवनीचे तीन आधार होते. त्यांतील दोन कसे ढासळले ते पुढे येईल.

भंडारा

रतनपूर येथील ११०० सालच्या सुमाराच्या शिलालेखात भाणारा या नावाचा उल्लेख आहे, व तो याच ठिकाणाचा समजला जातो. भाणे म्हणजे पितळेची थाळी, त्यावरून भाणारा असे नाव पडले, ही व्युत्पत्ती येथील लोक सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, पितळेच्या भांड्यांचा धंदा येथे पिढ्यान्‌पिढ्या चालला यात शंका नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी झाडीत हिंडत असता त्यांस भेटलेला नीळभट हा येथलाच, म्हणूनच महानुभाव परंपरेत तो भांडारेकार या नावाने प्रसिद्ध आहे.

भोसल्यांच्या अमदानीत पूर्वेकडचा कारभार लांजीहून चाले. १८२१ च्या सुमारास मुख्य ठाणे लांजीहून भंडाऱ्यास आणिले गेले. या एका हुकुमाने भंडाऱ्याचे भवितव्य ठरले. लांजी आज बालाघाट जिल्ह्यातील एक लहान गाव आहे. १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला, आणि १८६७ मध्ये भंडारा, पवनी व तुमसर या तिन्ही ठिकाणी नगरपालिका स्थापन झाल्या. म्हणजे त्या वर्षी सरकारच्या दृष्टीने हे तिन्ही कसबे एका पंक्तीस बसले होते.

कचेरी असलेल्या गावाचा धंदा बुडाला तरी गाव बुडत नाही. पितळेच्या भांड्यांची जागा पुढे ॲल्युमिनियम व पोलाद यांनी घेतली, तरी तारखेस येणारे पक्षकार, नकलेस येणारे कास्तकार व पगारदार नोकर यांच्यावर भंडाऱ्याची पेठ तरली. महसुली नोकरीत असता प्रस्तुत लेखकाने हे नित्य पाहिले आहे की, सातबाऱ्याच्या नकलेसाठी आलेला मनुष्य परतताना मीठ, लोखंड, औषध व लुगडे घेऊनच जातो.

तुमसर

आता रेल्वेकडे वळू. नागपुराहून छत्तीसगडाकडे जाणारी लोहमार्गाची अरुंद वाट १८८० ते १८८२ या काळात तयार झाली. १८८८ मध्ये ती बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने घेऊन रुंद केली, व पुढे तीच मुंबई-कलकत्ता या मोठ्या मार्गाचा भाग झाली. हा मार्ग भंडारा शहरास शिवला नाही. भंडारा रोड स्टेशन सुमारे तीन कोसांवर वरठीस झाले. पवनी तर दक्षिणेस दूरच राहिली. तुमसरापासून मात्र तो दोन कोसांच्या आत देव्हाडीवरून गेला.

तुमसरच्या उत्तरेस व भोवती पोवार, कुणबी, लोधी अशा कष्टाळू कास्तकारांची धानाची गावे होती. पूर्वी हे तांदूळ बंड्यांवर व बैलांच्या पाठीवर जात. गाडी आल्यावर ते पोत्यांनी जाऊ लागले. आडते, दलाल व भात कांडणाऱ्या गिरण्या येथे जमल्या, आणि तुमसर हे तांदळाचे मोठे पीठ झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज काढण्यास सुरुवात झाली. त्या मालासाठी तुमसर रोडहून तिरोडीकडे शाखा निघाली व ती तुमसर गावावरूनच गेली. या खाणी १९६२ पासून मँगनीज ओअर इंडिया या कंपनीकडे आहेत. वरून धान, खालून दगड, मध्ये गाडी. तुमसर वाढले यात नवल नाही.

परंतु या गाडीचा दुसरा परिणामही ध्यानात घेतला पाहिजे. जी गाडी तांदूळ बाहेर नेत होती तीच गिरणीचे कापड आत आणीत होती. १८७७ मध्ये नागपुरास टाटांची एंप्रेस गिरणी सुरू झाली. तिचे व मुंबईचे स्वस्त कापड खेड्यापाड्यांत पोहोचताच हातमागाचे जाडेभरडे कापड प्रथम मागे पडले व मग तलम कापडावरही आच आली. पवनीच्या वाट्यास १९०८ नंतर नागपूर-नागभीड ही अरुंद रुळांची गाडी आली. तिचेही पवनी रोड स्टेशन गावापासून अंतरावर, व मालाची मोठी ने-आण तिच्या आवाक्याबाहेरची होती. ही गाडी देखील २०१९ मध्ये रुळांच्या रुंदीकरणासाठी बंद करण्यात आली. येणेप्रमाणे एकाच शतकात एका वाटेने तुमसरास उचलले व पवनीची पेठ व माग हे दोन्ही आधार काढून घेतले. यात पवनीकरांचा आळस नव्हता व तुमसरकरांची विशेष बुद्धी नव्हती.

इतर ठिकाणे

मोहाडी व आंधळगाव येथे कोशाच्या कापडाचा हातमाग आजही तग धरून आहे. ऐन व अर्जुन या झाडांवर ढिवर बांधव कोसे वाढवितात व कोष्टी ते विणतात. म्हणजे हा धंदा कापसावर नसून जंगलावर उभा आहे. मोहाडीची चौंडेश्वरी व तुमसरजवळचे गायमुख ही यात्रांची ठिकाणे प्रसिद्धच आहेत. अंबागडचा किल्ला देवगडच्या बख्त बुलंद राजाच्या वेळी त्याचा सुभेदार राजाखान याने बांधिला. राज्य गेले, किल्ला ओस पडला. त्याखाली कसबा वाढला नाही, कारण की किल्ल्याची जागा शत्रू पाहून निवडलेली असते, बाजारासाठी नव्हे.

साकोली व लाखनी ही नागपूर-रायपूर हमरस्त्यावरची गावे. रेल्वे त्यांस लाभली नाही, परंतु मोटारी वाढल्या तसा रस्त्याने त्यांस हात दिला. लाखांदूर दक्षिणेच्या टोकास, चंद्रपूर व गडचिरोली यांच्या सीमेवर आहे. भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथे १९६० नंतरच्या दशकात दारूगोळ्याचा सरकारी कारखाना व पुढे वरठीस पोलादाचा कारखाना निघाला. हे दोन्ही रेल्वे व हमरस्ता यांच्या आसऱ्यानेच आले हे उघड आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तेव्हा रेल्वेचे मोठे जंक्शन व नवेगावसारखे मोठे तलाव तिकडे गेले, आणि आपल्याकडे भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर असे सात तालुके राहिले.

परदेशातील एक उदाहरण

असे आपल्याकडेच घडते असे नाही. स्कॉटलंड देशाच्या दक्षिणेस ट्वीड नदीचे खोरे आहे. तेथील गॅलाशील्स व हॉइक हे कसबे मेंढरांच्या लोकरीवर व नदीच्या पाण्याने फिरणाऱ्या गिरण्यांवर वाढले. एडिंबरो शहराहून त्यांच्यावरून जाणारी रेल्वे १९६९ च्या जानेवारीत तोट्याच्या सबबीवर बंद झाली. तेथील लोकांनी नाद सोडला नाही. पिढीभर मागणी चालविली. २०१५ मध्ये गॅलाशील्सवरून ट्वीडबँकपर्यंत गाडी पुन्हा सुरू झाली, परंतु हॉइकपर्यंत गेली नाही. श्रीमंत देशातही वाट तोडण्यास एक हुकूम पुरतो, व जोडण्यास शेहेचाळीस वर्षे लागतात.

बोध

वरील वृत्तांतावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. कसब्याचे दैव वाटेवर अवलंबून असते, व त्याचे बळ पाण्यावर. वाट कोठून जावी हे सरकार ठरविते. त्याविषयी आपण अर्ज करावे, संघामार्फत मागणी करावी, परंतु हुकूम आपल्या हाती नाही. पाणी मात्र पुष्कळ अंशी अजूनही गावाच्या हाती आहे, आणि त्याचीच आपण हेळसांड करीत आहो.

ही हेळसांड कशी झाली ते पाहावे. मालगुजारी असता तलावाची दुरुस्ती मालगुजाराने गावकऱ्यांकडून करवून घ्यावी अशी वहिवाट होती. त्यात जुलूम होता, वेठ होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालकी हक्क गेले, ते योग्यच झाले. परंतु तलाव सरकारकडे आले, मोठे पाटबंधारे खात्याकडे व लहान पुढे जिल्हा परिषदेकडे. आणि गावकरी असे समजू लागला की, पाळ माझी नव्हे. मालक गेला, त्याबरोबर राखणदारही गेला. गाळ साचला, तुडुम बुजले, सांडव्यांवर झोपड्या झाल्या, व तलावाच्या पोटात धानाच्या बांध्या निघाल्या.

मोठ्या धरणांनी हे काम होईल असे कोणी म्हणेल. पवनीजवळ गोसेखुर्द येथे वैनगंगेवर मोठे धरण झाले आहे. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली व अडीच लाख हेक्टर भिजविण्याचा त्याचा संकल्प आहे. त्यासाठी अनेक गावांनी आपली घरेदारे दिली, त्यांचे ऋण विसरता येत नाही. तथापि पाटाचे पाणी सखलास मिळते. टेकडीच्या अंगास असलेल्या बांधीस बोडीच हवी. शिवाय ऑगस्ट १९२० नव्हे, तर अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहरात पाणी शिरले, हे सर्वांस स्मरत असेल. वरच्या अंगाचे शेकडो तलाव खोल असले तर पावसाचे पाणी थोडेफार तेथेच थांबते, हाही त्यांचा उपकार आहे.

सबब कास्तकार बंधूंनी पुढील गोष्टी कराव्या अशी सूचना आहे.

१. आपल्या गावचे निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांची नक्कल तहसील कचेरीतून घ्यावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातील कलम १६१ व १६५ अन्वये हे कागद राखिले जातात. गावाचे पाण्याचे, चराईचे व वाटेचे हक्क त्यांत लिहिलेले असतात. बंदोबस्ताच्या मिसलीत तलावाचे क्षेत्र किती होते ते पाहून आजच्या क्षेत्राशी ताडावे. कमी भरले तर त्याचे कारण ग्रामसभेत विचारावे.

२. उन्हाळ्यात तलाव सुकल्यावर गाळ काढून बरडी व खरडी जमिनीवर टाकावा. २०१७ पासून सरकारनेही या कामासाठी गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना काढिली आहे. गाळ काढताना पाळीच्या पायथ्याजवळ खणू नये. त्याने पाळ कमजोर होते.

३. माळेतील वरच्या व खालच्या गावांनी मृगापूर्वी एकत्र बसून सांडवे व पाट पाहून घ्यावे. एका गावाचा ठराव पुरेसा होत नाही.

४. होईल तितके धान कांडून तांदूळ करूनच विकावे, व त्यासाठी संघाची गिरणी असावी. धान उचलून नेले म्हणजे कांडपाची मजुरी, कोंडा व तूस ही तिन्ही परगावी जातात. तुमसर जे मोठे झाले ते धान पिकवून नव्हे, तर कांडून.

वाचनालयात हा लेख वाचला जाईल तेथे शिक्षकांनी मुलांकडून एक काम करवून घ्यावे. आपल्या गावाचा ओढा कोठे उगवतो, वाटेत किती तलाव व बोड्या भरतो, व शेवटी वैनगंगेस कोठे मिळतो, याचा नकाशा वडीलधाऱ्यांस विचारून काढावा, व प्रत्येक तलावापुढे तो किती वर्षांत उपसला नाही हे लिहावे. असा नकाशा पाच-पंचवीस गावांनी काढिला, तर जिल्ह्याच्या पुढील भूगोलाचा पहिला धडा कास्तकारांच्या मुलांनी लिहिला असे होईल, आणि अर्ज करण्यास जाणाऱ्या मंडळींच्या हाती बिनतोड कागद राहील.